‘गाथासप्तशती’वरील कादंबरीच्या मानपत्राविषयी निवड समितीस खुले पत्र

पैठण तालुका, जिल्हा छत्रपती संभाजीनगर

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
ऐतिहासिक कादंबरी पुरस्कार निवड समिती

सन्माननीय महोदय आणि महोदया,

सविनय नमस्कार.

आपल्या समितीने यंदाच्या पुरस्कारासाठी प्रतिष्ठानचा, म्हणजे आजच्या पैठणचा, प्राचीन राजा हाल सातवाहन याच्यावरील ज्या कादंबरीची निवड केली आहे, तिच्या मानपत्राचा मजकूर निमंत्रणपत्रिकेसोबत आमच्या महाविद्यालयात आला. त्यात ‘दोन हजार वर्षांपूर्वीची गाथासप्तशती या कादंबरीने पुन्हा जिवंत केली आहे’ असे एक वाक्य आहे, आणि हे पत्र त्या वाक्यापुरतेच आहे. पुरस्कार कोणाला द्यावा हा सर्वस्वी आपला अधिकार असून त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. परंतु मानपत्रातले वाक्य समारंभापुरते राहत नाही. ते पुढच्या आवृत्तीच्या मलपृष्ठावर छापले जाते, ग्रंथालयांच्या खरेदी-समित्या त्याचा आधार घेतात आणि दोन-चार वर्षांनी एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधात ते कोणाचीही शंका न येता उतरते. म्हणून ते जाण्यापूर्वीच अडवावे, असे मला वाटले. कादंबरीचे आणि लेखकाचे नाव मी येथे मुद्दाम घेतलेले नाही, कारण माझी तक्रार एका माणसाच्या लेखणीपेक्षा तिला मिळालेल्या प्रमाणपत्राविषयी अधिक आहे.

पैठण परिसरात मराठी शिकवणाऱ्या कोणालाही ही कादंबरी येणार असल्याची बातमी ऐकून आनंद व्हावा, तसा तो मलाही झाला होता. मराठीतली ऐतिहासिक कादंबरी शिवकाल आणि पेशवाई यांच्या बाहेर फारशी रमलेली नाही, आणि यादवांच्या मागे जाऊन सातवाहनांचे प्रतिष्ठान गाठण्याचे धाडस तर क्वचितच कोणी केले आहे. त्यातही आधार म्हणून निवडला होता तो ताम्रपट किंवा शिलालेख नव्हे, तर महाराष्ट्री प्राकृतातल्या काव्याचा सर्वांत नावाजलेला संग्रह. अपेक्षा मोठी होती, हे मी नाकारत नाही. पण ती लेखकानेच मुखपृष्ठावर ‘गाथासप्तशतीवर आधारित’ असे ठळक छापून वाढवली होती.

आता मूळ ग्रंथ काय आहे ते पाहू. आपल्यापैकी बहुतेकांना हे ठाऊक असणार, तरीही मानपत्रातले वाक्य वाचल्यावर ते पुन्हा मांडणे भाग आहे. गाथासप्तशती ही एका कवीची एक कथा नाही. ती सुट्या गाथांची निवड आहे, आणि तसे तिनेच आरंभी सांगून ठेवले आहे. तिसऱ्या गाथेत म्हटले आहे की कोटी गाथांमधून सातशे गाथा ‘कविवत्सल’ हालाने निवडल्या. प्रत्येक गाथा दोन ओळींची, पहिल्या ओळीत ३० मात्रा आणि दुसरीत २७, आणि तेवढ्यात एक प्रसंग, एक बोलणारे माणूस, एक ऐकणारे माणूस आणि बहुतेक वेळा न बोललेली एक गोष्ट. जर्मन पंडित आल्ब्रेख्त वेबर यांनी १८७० आणि १८८१ मध्ये हा ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला, तेव्हा निरनिराळ्या पाठपरंपरांतल्या गाथांची बेरीज ९६४ झाली, आणि सगळ्या परंपरांना समान अशा गाथा ४३० च्या आसपासच निघाल्या. म्हणजे हालानंतरही कित्येक पिढ्या या संग्रहात भर टाकत आणि अदलाबदल करत आल्या. मराठी वाचकासाठी स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये दीर्घ प्रस्तावनेसह तो मराठीत आणला, तेव्हापासून ‘प्राकृत येत नाही’ ही सबब आपल्यापैकी कोणालाही उरलेली नाही.

या संग्रहात माणसे कोणती आहेत? नांगरट करणारा हालिक आहे, गावचा प्रमुख आणि त्याची लेक आहे, घरधनी आणि घरधनीण आहे, वाटसरू आहे, पाणपोईवर बसलेली बाई आहे, सासू आहे, दीर आहे, शिकारी आणि त्याची बायको आहे, आणि या सगळ्यांच्या कुजबुजीत सदैव हजर असलेली मैत्रीण आहे. राजा शोधावा लागतो. सातशे गाथांचे शंभर-शंभरांचे सात भाग आहेत. त्यांतल्या पाचव्या शंभरीत एका गाथेत सालाहण, म्हणजे सातवाहन, राजाचे नाव येते, तेही बुडालेल्या कुळांना वर काढणे दोघांनाच जमते, एक गौरीच्या प्रियकराला आणि दुसरे सालाहणाला, अशा जाता जाता केलेल्या स्तुतीत. पहिल्या शंभरीत चुलीपाशी काम करताना काजळीने माखलेला हात गालाला लागलेली गृहिणी आहे आणि तिचे तोंड आता चंद्रासारखे झाले म्हणून हसणारा नवरा आहे. हा डाग लागायला चूल लागते, लाकडे लागतात आणि स्वतः स्वयंपाक करणारी बाई लागते.

कादंबरीत यांपैकी कोणीही नाही. सहाशेहून अधिक पानांत एक राजा आहे, सिंहलद्वीपाची एक राजकन्या आहे, एक कपटी अमात्य आहे, एक वृद्ध राजगुरू आहे आणि ‘प्रजाजन’ या एका शब्दात मावणारे उरलेले सगळे प्रतिष्ठान आहे. राजा तारुण्यात राजकन्येच्या विरहात सातशे गाथा लिहितो आणि पुढे तिच्याच हातून त्या भूर्जपत्रांवर उतरवून घेतो, हे कादंबरीचे कथानक. म्हणजे ज्या ग्रंथाने आपण निवडक आहोत, अनेकांचे आहोत, असे तिसऱ्याच गाथेत सांगितले, त्याचे एकमेव कर्तृत्व कादंबरीने राजाच्या नावावर चढवले. टीकाकारांनी अनेक गाथांपुढे कवींची नावे नोंदवून ठेवली आहेत आणि त्यांत रेवा, रोहा, माधवी, अनुलक्ष्मी, शशिप्रभा अशी स्त्रियांची नावेही आहेत. इतक्या जुन्या काळातल्या कवयित्रींची नावे हाताशी असताना एकविसाव्या शतकातल्या कादंबरीकाराने आपल्या नायिकेला राजाची लेखनिक करून ठेवावे, याचे मला नवल वाटले.

सिंहलाची राजकन्या आली कोठून, हेही सांगायला हवे. गाथासप्तशतीत ती नाही. ती कोऊहल नावाच्या कवीच्या ‘लीलावई’ या प्राकृत काव्यातली नायिका आहे. प्रतिष्ठानचा राजा हाल आणि सिंहलची राजकन्या लीलावती यांची ही अद्भुतरम्य कथा हालानंतर कित्येक शतकांनी रचली गेली, आणि डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी १९४९ मध्ये तिची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. कादंबरीचा मधला मोठा भाग, ज्यात संस्कृत न येणारा राजा जलक्रीडेत राणीकडून फजीत होतो आणि गुणाढ्य व शर्ववर्मा या दोन पंडितांत पैज लागते, तो थेट ‘कथासरित्सागर’ या संस्कृत कथासंग्रहातला आहे. शेवटची दोन प्रकरणे, ज्यात हाल शकांचे निर्दालन करतो, ती गौतमीपुत्र सातकर्णी या दुसऱ्या सातवाहन राजाची आहेत. शकांच्या क्षहरात वंशाचे निर्मूलन केल्याचा पराक्रम त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, नाशिकच्या लेण्यातल्या लेखात त्याच्याच नावे कोरून ठेवला आहे. आणि उपसंहारात हालाने इ. स. ७८ मध्ये शालिवाहन शक सुरू करणे ही तर शाळेच्या पुस्तकाबाहेरची, पारावरची गोष्ट. मत्स्यपुराणातल्या राजांच्या यादीत हालाच्या वाट्याला अवघी ५ वर्षे आहेत. त्या ५ वर्षांत एवढे सगळे उरकायचे तर त्याला गाथा ऐकायलाही उसंत मिळाली नसती.

दंतकथांवर कादंबरी लिहू नये असे मी म्हणत नाही. आमच्या पैठणात शालिवाहनाची जी गोष्ट म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकायला मिळते, कुंभाराच्या घरी वाढलेल्या पोराने मातीचे सैनिक करावेत आणि वेळ आली तेव्हा ते उठून उभे राहावेत, ती या कादंबरीतल्या कोणत्याही लढाईपेक्षा सरस आहे. माझा आक्षेप इतकाच की लीलावई, कथासरित्सागर आणि बलश्रीचा लेख यांच्यावर उभ्या असलेल्या इमारतीवर पाटी मात्र गाथासप्तशतीची लावली आहे. लेखकाच्या मनोगतात या तिन्हींचा उल्लेख नाही.

आपण म्हणाल, की कथानक बाहेरचे असले तरी गाथा तर कादंबरीत ठिकठिकाणी आल्या आहेत. आल्या आहेत, आणि माझे खरे दुःख तेच आहे. एकच उदाहरण सविस्तर देते, कारण त्यावरून बाकीची कल्पना येईल. दुसऱ्या शंभरीतली ही गाथा आपणांस परिचित असेल:

भम धम्मिअ वीसत्थो सो सुणओ अज्ज मारिओ देण ।
गोलाणइकच्छकुडंगवासिणा दरिअसीहेण ॥

धर्मशील गृहस्था, आता खुशाल हिंड. ते कुत्रे आज मारले गेले, गोदेच्या काठच्या झुडपांत राहणाऱ्या त्या मस्तवाल सिंहाने मारले. बोलणारी बाई आहे. नदीकाठची ती झाडी तिची आणि तिच्या प्रियकराची भेटायची जागा आहे, आणि एक सोवळा गृहस्थ फुले तोडायला रोज तेथे येऊन तिचा विरस करतो. तो कुत्र्याला भितो, हे तिला ठाऊक आहे. ती त्याला ‘येऊ नको’ म्हणत नाही, ‘खुशाल ये’ म्हणते. आणि कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाचे नाव ऐकल्यावर त्या वाटेला पुन्हा फिरकणार नाही, हे न सांगता सांगते. काश्मीरच्या आनंदवर्धनाला नवव्या शतकात ‘ध्वन्यालोक’ हा काव्यशास्त्राचा ग्रंथ लिहिताना शब्द एक सांगतात आणि काव्य त्याच्या उलट सुचवते, याचे उदाहरण हवे होते, तेव्हा त्याने ही गाथा उचलली. पुढे महिमभट्टाने हा अर्थ सुचत नाही, अनुमानाने काढावा लागतो, म्हणून वाद घातला, मम्मटाने त्याला उत्तर दिले, आणि अशा रीतीने आमच्या गोदाकाठच्या एका कुत्र्यावरून काश्मिरी पंडित कित्येक पिढ्या भांडत राहिले. सिंह तेथे आहे की नाही, हे कोणालाच ठाऊक नाही, आणि गाथेची सगळी मजा त्या ठाऊक नसण्यात आहे.

आपण पुरस्कार दिलेल्या कादंबरीत या गाथेवर ‘सिंहवध’ नावाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात गोदावरीच्या काठी खराखुरा सिंह आहे. तो राजगुरूंच्या आश्रमातले कुत्रे मारतो, मग प्रजाजन राजाकडे गाऱ्हाणे घेऊन येतात, मग राजा एकटाच खड्ग घेऊन झाडीत शिरतो आणि पाच पाने झुंजून सिंहाला लोळवतो. राजकन्या हे गवाक्षातून पाहते. नंतर राजा स्वतःच वर दिलेली गाथा म्हणतो आणि तिचा अर्थ राजगुरूंना समजावून सांगतो, तो असा की आता भय उरलेले नाही, सर्वांनी निश्चिंत असावे. बाई गेली, तिचा प्रियकर गेला, तिचे लबाड बोलणे गेले, फुले तोडणारा भित्रा गृहस्थ गेला. आणि उरला तो, मूळ गाथेत कदाचित नसलेलाच, सिंह. एखाद्या विनोदावर निबंध लिहावा तसा हा प्रकार आहे. निवड समितीतल्या ज्या सदस्यांनी हे प्रकरण वाचले असेल, त्यांनी ‘पुन्हा जिवंत केली’ या शब्दांवर हरकत कशी घेतली नाही, हे मला खरोखरच समजलेले नाही.

दुसरे उदाहरण थोडक्यात. दुसऱ्याच शंभरीत एक गाथा आहे: वादळाने घरावरचे गवत उडून गेले आहे, पाण्याच्या धारा आत येत आहेत, आणि घरातली बाई दोन्ही तळहातांनी भिंतीचा एक तुकडा झाकून उभी आहे, कारण परगावी गेलेल्या नवऱ्याने परतण्याचा सांगितलेला दिवस तिने तेथे लिहून ठेवला आहे. तिसऱ्या शंभरीत हिची जणू बहीणच भेटते. नवरा आज गेला, आज गेला, असे घोकत ती रेघा ओढते आणि पहिल्या दिवसाची दुपार होण्यापूर्वीच भिंत भरून टाकते. कादंबरीत राजकन्या सिंहलहून निघालेल्या गलबतांचे दिवस मोजते, ते स्फटिकाच्या भिंतीवर कस्तुरीने. पाऊस येतो, पण गवाक्षाबाहेर. राजवाडा गळत नाही, त्यामुळे त्या दोन तळहातांना कादंबरीत कामच उरत नाही.

ही गाथा मी वर्गात वाचली होती. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली एक मुलगी नंतर येऊन म्हणाली, “मॅडम, आमची आजी असंच करती. आईबाबा तोडीला गेले की चुलीमागच्या भिंतीला कोळशानं रेघ.” दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन नवराबायको दोघेही कारखान्याकडे निघतात, गावात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे राहतात, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, कधी फाल्गुनापर्यंत तर कधी त्याच्याही पुढे, ती वाट पाहतात. त्या मुलीला गाथा कळण्यासाठी मला एकही टीप द्यावी लागली नाही. हीच मुलगी कादंबरीची पहिली पन्नास पाने वाचून मला म्हणाली, की यातले लोक बोलतात कसे ते कळत नाही. तिच्या या बोलण्यावर मला काही उत्तर देता आले नाही, कारण ‘हे देवी, आपल्या नेत्रकटाक्षांनी हा दास कृतार्थ जाहला’ अशा भाषेत प्राकृतातला हालही बोलला नसता आणि आजचे पैठणही बोलत नाही.

तपशिलाच्या चुकांवर फार वेळ घालवत नाही. राज्याभिषेकाला झेंडूची तोरणे लागतात, शेतकरी मिरचीचा ठेचा खातो, आणि एका ठिकाणी भुईमुगाचे शेत येते. झेंडू, मिरची आणि भुईमूग ही तिन्ही अमेरिका खंडातली, सोळाव्या शतकानंतर आपल्याकडे रुळलेली. या चुका संपादकाने अर्ध्या दिवसात दुरुस्त केल्या असत्या. मला खटकते ते वेगळेच: गाथांमध्ये पिके स्पष्ट नावांनी आहेत. कापसाच्या शेतात पहिला नांगर घालण्याच्या शुभदिवशी नांगराची पूजा करताना पुढच्या भेटींच्या विचाराने हात थरथरणारी बाई आहे. साळीची शेते पांढरी पडू लागली म्हणून मान खाली घालून रडणाऱ्या मुलीला मैत्रीण सांगते की रडतेस काय, सणाची (तागासारख्या पिकाची) वाडी बघ, तोंडाला हरताळ फासलेल्या नटीसारखी पिवळीजर्द झाली आहे. लपायची एक जागा गेली तर दुसरी तयार झाली, इतकाच त्याचा अर्थ. उंच वाढलेल्या पिकाचा हा उपयोग मराठवाड्यातल्या कोणत्याही खेड्याला समजावून सांगावा लागत नाही. लेखकाला कापूस आणि सण ग्रंथातच मिळाले असते. भुईमूग पेरण्याची गरज नव्हती.

येथे आपल्या प्रदेशाचा अभिमान बाजूला ठेवून एका गोष्टीची कबुली द्यावीच लागेल. सगळ्याच गाथा पैठणच्या नाहीत. साळीची शेते, विंध्याचे डोंगर, रेवा नदी, तापी, ही नावे सांगतात की हा संग्रह बऱ्याच मोठ्या मुलखातून गोळा झालेला आहे. कादंबरीने सगळे काही प्रतिष्ठानच्या तटबंदीत कोंबले, याचे मानपत्रात ‘मराठवाड्याचा गौरव’ म्हणून कौतुक झाले आहे. गोदाकाठ त्या गाथांत वारंवार येतो, हा गौरव मला पुरेसा वाटतो.

‘मग कादंबरीकाराने करायचे काय होते? सुट्या दोन ओळींतून कथानक कसे निघणार?’ हा प्रश्न आपल्या मनात येईल, आणि तो रास्त आहे. माझ्यापुरते उत्तर देते. गाथांमधला वाटसरू कोण होता, याचा मागोवा घेतला तरी एक कादंबरी उभी राहते. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात पैठण आणि तगर या दोन बाजारपेठांची नावे आहेत. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले धाराशिव जिल्ह्यातले तेर. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून साधे कापड व मलमल, गाड्यांत भरून, वाटा नसलेल्या मोठ्या मुलखातून भडोचच्या बंदराला जात असे. वीस दिवस जायला, वीस दिवस यायला, मधले दिवस माल खपायला. आणि पावसाळ्याआधी घर गाठायचे. घरी भिंतीवर रेघा ओढणारी बाई आणि वाटेवर पाणपोई, या दोन टोकांमध्ये तो माणूस आहे. ओंजळीची बोटे सैल सोडून, वर पाहत, पाणी सांडू देत तो जितका सावकाश पितो, तितकीच पाणी घालणारी बाईही धार बारीक करत जाते, ही गाथा ज्याने एकदा वाचली त्याला भडोचच्या वाटेवरचे एक आख्खे प्रकरण सापडलेच म्हणून समजावे.

माणसांची नावे हवी असतील तर तीही आहेत. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यात, इसवी सनाच्या आधीच्या काळातल्या एका खांबावर, पैठणच्या मितदेव नावाच्या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याच्या कुळाने तो दिल्याचे कोरलेले आहे. तेथल्याच एका यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कण्हदास नावाच्या सोनाराचे नाव आहे. भोकरदन आणि तेर येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तींसारखीच एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेई शहराच्या अवशेषांत मिळाली. ती कोणत्या कारागिराच्या हातून, कोणाच्या गाडीतून निघाली असेल, यावर कल्पना चालवायला कादंबरीकाराला कोणी अडवले नव्हते. सोनार, अत्तरवाला, हस्तिदंताचा कारागीर, गाडीवान, यांना गाथा म्हणता-ऐकताना दाखवले असते, तर कोटी गाथांतून सातशे निवडणारा राजाही त्यांच्यामागे आपोआप उभा राहिला असता, ऐकणारा म्हणून. ‘कविवत्सल’ हे विशेषण त्याला शोभते ते ऐकणाऱ्याच्या भूमिकेत.

बाणभट्टाने ‘हर्षचरिता’च्या आरंभी सातवाहनाच्या या कोशाला ‘अग्राम्य’ म्हणून गौरवले, हे मला माहीत आहे, आणि कादंबरीच्या बाजूने कोणी ते पुढे करील अशी शक्यता आहे. कनौजच्या दरबारात बसून त्याने ते म्हणणे स्वाभाविक होते. त्याला गाथांची घडण गावंढळ नाही एवढेच सुचवायचे होते. त्यातली माणसे गावची नाहीत, असे तोही म्हणालेला नाही.

ललित लेखकाच्या स्वातंत्र्याचा मुद्दाही येईल. कालिदासाने महाभारतातली शकुंतलेची कथा घेताना तीत दुर्वासाचा शाप आणि अंगठी घातली आणि सगळी गोष्टच बदलून टाकली. तरीही कोणी त्याला दोष देत नाही. पण त्या बदलाने शकुंतला मोठी झाली, दुष्यंताचा पश्चात्ताप खरा वाटू लागला. आपल्या कादंबरीतल्या बदलांनी कोण मोठे झाले, हे समितीने मानपत्रात सांगितलेले नाही. १८७१ मध्ये रा. भि. गुंजीकरांनी ‘मोचनगड’ लिहून मराठी ऐतिहासिक कादंबरीची सुरुवात केली, तेव्हा त्यांनी शिवकालाच्या पार्श्वभूमीवर काल्पनिक माणसांची गोष्ट सांगितली होती. दीडशे वर्षांनी आपण सिंहासनाखेरीज दुसरीकडे पाहायला तयार नाही, आणि ज्या ग्रंथाने राजाला जवळपास बाहेरच ठेवले त्याच्यावर लिहितानाही राजाच शोधतो, यात लेखकाइतकाच दोष प्रकाशकांचा, आम्हा वाचकांचा आणि, क्षमा करावी, पुरस्कार देणाऱ्यांचाही आहे. मुकुट आणि तलवार छापलेले मुखपृष्ठ पाहून पुस्तक उचलणारे आपणच असतो.

म्हणून समितीला माझी विनंती अशी आहे. मानपत्र अद्याप छपाईला गेले नसेल, तर त्यातले उपरोक्त वाक्य काढून त्या जागी ‘हाल सातवाहनाविषयीच्या कथा-दंतकथांवर आधारित’ एवढे लिहावे. यात लेखकाचा कोणताही अवमान नाही आणि वाक्य खरे होईल. पुढील वर्षापासून एखाद्या प्राचीन ग्रंथाचा आधार सांगणाऱ्या कादंबरीकडून, तिने त्या ग्रंथातून काय घेतले आणि इतरत्र कोठून काय घेतले, याचे एक पानभर टिपण मागवावे. आणि निवडीसाठी वाचणाऱ्यांपैकी निदान एकाने मूळ ग्रंथ, निदान अनुवादातून, वाचलेला असावा, असा नियम करावा. यंदाच्या निवडीच्या वेळी तसे झाले होते किंवा कसे, हे समितीने जाहीर केले तर माझ्यासारख्या अनेकांच्या शंकेचे समाधान होईल.

आणखी एक सूचना, मानणे न मानणे आपल्याकडे. पुरस्कार समारंभात कादंबरीतल्या उताऱ्याचे वाचन ठेवले आहे, ते ‘सिंहवध’ या प्रकरणाचे असल्याचे पत्रिकेवरून दिसते. त्या आधी मूळ गाथा प्राकृतात आणि मराठीत वाचण्याची परवानगी मिळावी. आमच्या वर्गातल्या दोन विद्यार्थिनी ते करायला तयार आहेत, त्यांना दहा मिनिटे पुरतील, आणि जोगळेकरांच्या ग्रंथाची प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून मी बरोबर आणीन. लेखक महोदय उपस्थित असतीलच. त्यांनी गाथेतली बाई कोठे गेली याचे उत्तर तेथे द्यावे, अशी माझी त्यांनाही आदरपूर्वक विनंती आहे. समारंभाची पत्रिका बदलायची झाल्यास वेळेत कळवावे, म्हणजे मुलींच्या जाण्यायेण्याची व्यवस्था करता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
मराठीची एक अध्यापिका